विद्युल्लता : आभाळातील वीज आणि चित्रातील वीज



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आम्ही विद्यार्थी त्यांना नुसते 'मास्तर' म्हणत असू. आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही माझ्या तोंडी तेच संबोधन येते, आणि आपल्या अनुज्ञेने येथेही मी तेच वापरणार आहे. मास्तर चित्रकला शिकवीत. मी जन्मभर मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. तेव्हा चित्रकलेच्या शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात, आणि तेही संगणकावर वीज कशी चितारावी अशा विषयावर, मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी याच शाळेतील एका विद्यार्थिनीने संगणकावर काढलेले एक चित्र मला दाखविले. सुपा धरणाचा जलाशय, त्याभोवतीचे डोंगर, वर काळेभोर ढग आणि ढगांतून पाण्याकडे झेपावणारी वीज. ढग उत्तम होते, पाणी उत्तम होते. वीज मात्र तारांच्या खांबावरील धोक्याच्या पाटीवर असते तशी, तीन ठिकाणी मोडलेली, करवतीच्या दात्यांसारखी पिवळी रेघ होती. मी म्हणालो, "बाळ, वीज अशी नसते." तिने तत्काळ विचारले, "मग कशी असते, सर? आणि ती काढायची कशी?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मास्तरांनी मला साठ वर्षांपूर्वी दिले होते. दुसऱ्याचे उत्तर मजजवळ नव्हते. ते मिळविण्यासाठी मी माझ्या नातीच्या शेजारी बसून काही महिने संगणकाशी झुंजलो. त्या अभ्यासात जे हाती लागले ते आपणांपुढे मांडतो.

१. मास्तरांचा धडा

ही गोष्ट जुन्या सुप्यातील. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे ते गाव आज पाण्याखाली आहे. तालुक्याचे नावही त्या काळी सुपा असेच होते. वैशाखातील एक दुपार होती. वळवाचे ढग भरून आले आणि वर्गात अंधार झाला. मास्तरांनी पुस्तक मिटले, आम्हांला खिडकीपासून दूर, भिंतीशी दाटीने बसविले आणि म्हणाले, "आता वीज पाहा. पाहिली नाही ती काढू नका." कोणी तरी तक्रार केली की, पाहीपर्यंत ती नाहीशी होते. मास्तर म्हणाले, "म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे."

पाऊस ओसरल्यावर त्यांनी फळ्यावर खडूने वीज काढली. वरून आरंभ केला, हात थरथरत खाली आणला, वाटेत डावीउजवीकडे फांद्या फोडल्या. त्या फांद्यांपैकी बहुतेक त्यांनी फळ्याच्या मध्यावरच, अधांतरी सोडून दिल्या. एकच रेघ तेवढी खालच्या चौकटीपर्यंत पोहोचली. मी विचारले, "मास्तर, ह्या बाकीच्या कुठे गेल्या?" ते म्हणाले, "कुठेच नाही. त्यांना वाट सापडली नाही." त्या वाक्यात विजेचे सगळे शास्त्र आणि तिच्या चित्राची सगळी कला सामावलेली आहे, हे मला फार उशिरा उमगले. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे समजावे.

२. करवती रेघेचा वंश

धोक्याच्या पाटीवरची ती मोडकी रेघ आली कोठून? जेम्स नॅस्मिथ नावाचा एक ब्रिटिश अभियंता होऊन गेला. वाफेच्या घणाचा निर्माता म्हणून तो प्रसिद्ध आहे. चित्रकाराचा मुलगा असल्यामुळे त्याची दृष्टीही चित्रकाराची होती. १८५६ साली ब्रिटिश असोसिएशनच्या चेल्टनहॅम येथील अधिवेशनात त्याने असे प्रतिपादन केले की, चित्रकार दाखवितात तशी तीक्ष्ण कोनांची वीज निसर्गात दिसत नाही. ग्रीक शिल्पकारांनी ज्युपिटरच्या हाती जे अस्त्र दिले, त्याची नक्कल चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले असावेत, असा त्याचा तर्क होता. निर्णायक पुरावा मात्र पुढे कॅमेऱ्याने दिला. १८८२ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज या छायाचित्रकाराने विजेचे छायाचित्र टिपण्यात यश मिळविले. काचेवर उमटलेल्या त्या विजेत करवतीचे दाते नव्हते. तिचा आकार नदीच्या पात्रासारखा वळणावळणाचा होता आणि तिला फाटे फुटले होते.

आपल्याकडेही हीच कथा थोड्या निराळ्या रूपात आढळते. इंद्राच्या हाती वज्र आले आणि विजेला अस्त्राचा आकार मिळाला. परंतु पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांतील अभिसारिका पाहा. भर पावसाळी रात्री प्रियकराकडे निघालेल्या त्या नायिकेच्या माथ्यावर काळ्या ढगांत सोनेरी, सळसळती, सर्पाकार रेघ चमकते. त्या चित्रकारांनी वीज डोळ्यांनी पाहिली होती, यात शंका नाही.

भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबून एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. अमरकोशात विजेची दहा नावे येतात. त्यांत क्षणप्रभा आहे, चंचला आहे, चपला आहे. ही नावे तिचे क्षणिकत्व सांगतात. तिचा आकार सांगणारा शब्द मात्र कवींनी घडविला, तो 'विद्युल्लता'. विजेची वेल! वर्गात हा शब्द मी कित्येक वर्षे केवळ अलंकार म्हणून शिकविला. 'रूपक' असे फळ्यावर लिहिले आणि पुढे गेलो. वस्तुतः ते निरीक्षण होते. वेल आधार शोधीत वाढते, तिचे तणावे चहूकडे चाचपडतात, आणि ज्याला आधार मिळतो तोच जाडावतो. वीज नेमके हेच करते. कवीने जे पाहिले ते मी विद्यार्थ्यांना पाहू दिले नाही, ही माझी चूक आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

३. आभाळात काय घडते

वादळी ढगाच्या पोटात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळतात. त्यातून विद्युतभार विभागला जातो. सामान्यतः ढगाच्या खालच्या भागात ऋणभार साचतो आणि खालच्या जमिनीवर धनभार गोळा होतो. मधली हवा वीज वाहू देत नाही. पण ताण अनावर झाला की ढगातून एक अंधूक प्रवाह खाली उतरू लागतो. तो एका झेपेत येत नाही. सुमारे ५० मीटरांची एक पायरी उतरतो, एका सेकंदाच्या लक्षांशाच्या हिशेबात मोजावे इतका क्षण थबकतो, मग पुढची पायरी घेतो. प्रत्येक पायरीवर पुढची वाट नव्याने ठरते, म्हणून तो वाकतो; एकाच वेळी दोन वाटा खुल्या झाल्या तर तो दुभंगतो. अशा फांद्या फोडीत सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात तो जमिनीजवळ येतो. आपल्या डोळ्यांना हा शोध दिसत नाही.

मग जमिनीवरूनही, झाडांच्या शेंड्यांतून, घरांच्या कोपऱ्यांतून, प्रसंगी माणसाच्या मस्तकातून, लहान लहान ठिणग्या वर उठतात. त्यांपैकी एखादीची वरून येणाऱ्या फांदीशी गाठ पडते, आणि त्या क्षणी मार्ग पुरा होतो. आता जो प्रचंड झोत उसळतो तो जमिनीकडून ढगाकडे, प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एकतृतीयांश वेगाने, त्याच वाटेने वर जातो. आपण 'वीज चमकली' म्हणतो ती हीच. त्या वाटेवरील हवेचे तापमान सुमारे ३०,००० अंशांपर्यंत चढते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शुभ्रतेचा उलगडा होतो. तापलेली हवा एकदम फुगते, तिचाच गडगडाट होतो. बहुधा एकाच वाटेने असे तीनचार झोत लागोपाठ जातात, म्हणून वीज लुकलुकते.

यातून चित्रकाराला चार नियम मिळतात. ढगातून खाली येणाऱ्या विजेच्या फांद्या खालच्या दिशेनेच फुटतात. वर वळलेल्या फांद्या काढल्या तर चित्र खोटे होते. जमिनीशी गाठ पडलेली मुख्य वाट सर्वांत तेजस्वी असते. वाट न सापडलेल्या फांद्या टोकाकडे मंदावत जातात. आणि विजेची वाट प्रत्यक्षात अवघी काही सेंटिमीटर जाड असते. ती जाड भासते ती तिच्या तेजामुळे.

४. संगणकावरील तीन रीती

आता मूळ विषयाकडे वळतो. संगणकावर वीज काढण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील तीन मी निवडल्या आहेत. त्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की, प्रत्येक पुढची रीत निसर्गाच्या एक पाऊल अधिक जवळ जावी.

पहिली रीत ढगांच्या वजाबाकीची. 'फोटोशॉप' हे चित्रसंस्करणाचे साधन १९९० साली बाजारात आले. त्यात 'डिफरन्स क्लाउड्स' नावाची एक क्रिया आहे. प्रथम कागदाच्या एका कडेला काळा आणि दुसऱ्या कडेला पांढरा, मध्ये हळूहळू उजळत जाणारा करडा, अशी छटा भरावी. मग ही क्रिया करावी. संगणक स्वतः ढगांसारखा अनियमित पोत तयार करतो आणि आपली छटा व तो पोत यांची बिंदूगणिक वजाबाकी मांडतो. काळ्यापांढऱ्या छटेच्या मधोमध एक वेडीवाकडी काळी रेघ उमटते. मग चित्र उलटे करावे, म्हणजे काळ्याचे पांढरे होईल. शेवटी 'लेव्हल्स'ची मधली खूण सरकवून इतर भाग काळवंडवावा. काळ्या आभाळात पांढरी वीज उभी राहते. वर निळसर रंग चढविला की काम झाले.

नात हे सारे दोन मिनिटांत करते. मला मात्र ती रेघ तेथेच का उमटते, हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर आपल्या जलाशयाने दिले. सुपा धरणात पाणी चढते तेव्हा त्याचा काठ कसा असतो ते आठवा. पाण्याची पातळी एक, डोंगरांची उंची जागोजाग निराळी. जेथे दोन्ही सारख्या होतात तेथे काठ. म्हणून तो काठ इतका वेडावाकडा, दऱ्यांत शिरणारा, सोंडांना वळसे घालणारा. संगणकातील रेघही अशीच आहे. जेथे छटा आणि पोत यांची मूल्ये सारखी होतात तेथे वजाबाकी शून्य, आणि शून्य म्हणजे काळा रंग. हा अनियमित पण अखंड पोत निर्माण करण्याचे गणित केन पर्लिन या संगणकतज्ज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केले. चित्रपटसृष्टीला त्याचा एवढा उपयोग झाला की, १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यास तांत्रिक पुरस्कार दिला.

ही रीत सोपी, पण तिच्यात एक उणीव आहे. जलाशयाचा काठ वळतो, फांद्या फोडीत नाही. येथे वेडेवाकडेपण मिळते, शोध मिळत नाही.

दुसरी रीत मध्यबिंदू सरकविण्याची. ही मला विशेष प्रिय आहे, कारण तिला संगणक लागत नाही; एक पट्टी, एक पेन्सिल आणि एक नाणे पुरे. कागदावर १६ सेंटिमीटरांची उभी रेघ काढा. तिच्या मध्यबिंदूपाशी नाणे उडवा. छापा पडला तर तो बिंदू २ सेंटिमीटर डावीकडे सरकवा, काटा पडला तर उजवीकडे, आणि दोन्ही टोकांना जोडा. आता दोन तुकडे झाले. प्रत्येकाच्या मध्याशी पुन्हा नाणे उडवून तो १ सेंटिमीटर सरकवा. चार तुकडे झाले. आता अर्धा सेंटिमीटर. आठ झाले, आता पाव सेंटिमीटर. पंधरा वेळा नाणे उडविले की सोळा तुकड्यांची एक रेघ हाती येते, आणि ती पाहून कोणीही म्हणेल, ही वीज आहे.

यातील मर्म असे की, तुकडा निम्मा झाला की सरकण्याचे अंतरही निम्मे होते. त्यामुळे दुरून जसे वाकडेपण दिसते तसेच जवळूनही दिसते. धोक्याच्या पाटीवरच्या रेघेत मोठी वळणे आहेत, पण दोन वळणांमध्ये ती पट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. म्हणून ती खोटी. सर्व मापांत सारखाच आकार दाखविणाऱ्या अशा आकृतींना बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. डोंगर, ढग, किनारे आणि वीज या साऱ्यांचे एक सामाईक व्याकरणच त्याने दाखवून दिले, असे मी भाषेचा विद्यार्थी या नात्याने म्हणेन.

फांद्यांसाठी एवढेच करावे की, काही सांध्यांवरून मूळ रेघेशी सुमारे १६ अंशांचा कोन करून दुसरी, आखूड रेघ काढावी आणि तिलाही हाच नाण्याचा नियम लावावा. फांदीचा हा कोन रीड आणि विव्हिल या संशोधकांनी १९९४ साली संगणकावर वीज रेखाटताना वापरला. कंपासपेटीतील कोनमापकाने तो मोजून पाहा. आपल्या कल्पनेपेक्षा तो पुष्कळ लहान आहे. नवशिका चित्रकार फांद्या झाडासारख्या पसरट काढतो. आभाळातील फांदी मूळ वाटेला बिलगून निघते.

तिसरी रीत शोधाची. १९८४ साली निमायर, पिएत्रोनेरो आणि वीसमान या तीन शास्त्रज्ञांनी वीज कशी वाढते याचे एक गणिती प्रतिरूप मांडले. गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद कल्पावा. वरची एक चौकट म्हणजे ढग, खालची सारी ओळ म्हणजे जमीन. विजेला लागून असलेल्या प्रत्येक रिकाम्या चौकटीपाशी विद्युतताण किती आहे ते संगणक मोजतो. जेथे ताण अधिक तेथे वीज जाण्याची शक्यता अधिक. पण नुसती शक्यता, खात्री नव्हे. त्या शक्यतांच्या प्रमाणात चिठ्ठी काढली जाते, एक चौकट उजळते, आणि सारा हिशेब पुन्हा नव्याने मांडला जातो. अशा शेकडो चिठ्ठ्यांनंतर एक फांदी जमिनीला लागते. उरलेल्या अधांतरी राहतात.

येथे वीज कोणी काढीत नाही. ती स्वतःच वाढते. ताणाला अधिक वजन दिले तर वीज सरळ आणि विरळ येते, कमी दिले तर झुडपासारखी दाट येते. २००४ साली थिओडोर किम आणि मिंग लिन यांनी याच प्रतिरूपावरून चलच्चित्रांत वापरता येईल अशी वीज घडविली. माझ्या नातीच्या पडद्यावर मी हे प्रथम पाहिले, एकेक चौकट उजळत गेली आणि फांद्या अर्ध्यावर थांबू लागल्या, तेव्हा मला मास्तरांचा खडू दिसला. त्यांनी ही सारी गणिते पाहिली नव्हती. त्यांनी वीज पाहिली होती.

५. तेज चढविण्याची रीत

आकार साधला तरी वीज पेटत नाही. त्यासाठी थरांची योजना करावी लागते. फोटोशॉपमध्ये थर, म्हणजे 'लेअर', १९९४ सालच्या आवृत्तीपासून आले. आणि 'गिंप'सारखे विनामूल्य साधनही हेच काम करते, तेव्हा आपल्या शाळेला खर्चाची सबब उरत नाही. विजेची रेघ काळ्या पार्श्वभूमीवर निराळ्या थरावर काढावी आणि त्या थराला 'स्क्रीन' हा मिश्रणप्रकार द्यावा. या प्रकारात काळा रंग नाहीसा होतो आणि उजळ रंग खालच्या चित्रात मिसळून त्यास अधिक उजळवितो. प्रकाशावर प्रकाश पडावा तसे ते असते. मग त्या थराच्या दोन प्रती कराव्यात. एक थोडी धूसर करून तिला फिकट निळा रंग द्यावा, दुसरी पुष्कळ धूसर करून जांभळट. मधला मूळ गाभा मात्र बारीक आणि शुभ्रच ठेवावा. पुष्कळजण गाभ्यालाच निळा रंग देतात. तेणेकरून वीज विझते.

एवढ्याने भागत नाही. वीज हा प्रकाशाचा उगम आहे, तेव्हा तिच्या प्रकाशाने बाकीचे चित्र बदलले पाहिजे. तिच्याजवळचा ढग आतून उजळावा, डोंगराच्या कडा चमकाव्यात, जलाशयात तिचे प्रतिबिंब थरथरावे, झाडांच्या सावल्या तिच्या उलट दिशेस पडाव्यात. चलच्चित्र असेल तर वीज एकदाच न चमकविता तीनचार वेळा, असमान तेजाने लुकलुकवावी. आणि आवाज द्यावयाचा तर दर किलोमीटरला तीन सेकंद उशिरा द्यावा. त्या विद्यार्थिनीच्या चित्रातील पिवळी रेघ उजळ होती, पण खालचे पाणी काळेच होते. म्हणून ती वीज चित्रात असूनही चित्राची नव्हती.

६. खोट्या चित्राची किंमत

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? वीज वाकडी काढली काय आणि करवती काढली काय, बिघडते कुठे? धोक्याच्या पाटीवरील रेघ ही खूण आहे आणि खूण म्हणून ती चोख काम करते, हे मला मान्य आहे. परंतु खुणेलाच आपण चित्र समजू लागलो की मनातील वीजही खोटी होते, आणि त्याची किंमत फार मोठी असते.

मी लहान असताना आमच्या वाड्यावरचा एक गुराखी मुलगा वळवाच्या पावसात ऐनाच्या झाडाखाली उभा राहिला आणि गेला. त्याच्याबरोबर दोन गाई गेल्या. गावात बोलवा झाली की मुलगा पायाळू असणार. पायाळू माणसाकडे वीज धाव घेते. बायका त्याच्या आईला विचारू लागल्या, तो पायांकडून जन्मला होता काय? ती शपथेवर 'नाही' म्हणत राहिली. पुढे पुढे ती बोलेनाशी झाली. मुलगा तर गेलाच. वर त्याच्या मरणाचा दोष त्याच्या जन्मावर, म्हणजे पर्यायाने त्या माउलीवर, लादला गेला.

त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांच्या मनात विजेचे जे चित्र होते ते अस्त्राचे होते. अस्त्र नेम धरून येते, त्याला लक्ष्य असते. मग ज्याच्यावर ते पडले त्याचे काही तरी चुकले असले पाहिजे. मास्तरांच्या फळ्यावरची वीज निराळी होती. ती नेम धरीत नव्हती, चाचपडत होती. जमिनीपासून काही दहा मीटरांच्या अंतरात येईपर्यंत ती कोठे पडणार हे ठरलेलेच नसते. ती झाडावर पडली, झाडाच्या खोडावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर झेपावली, आणि जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाने गाई मेल्या. यात पायाळूपणाचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो झाडाखाली उभे राहण्याचा.

आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेने दरसाल अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. त्यांतील फार मोठा वाटा शेतात आणि रानात काम करणाऱ्यांचा. आपल्या जोयडा तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या या रानात, वैशाख-ज्येष्ठातील वळीव आणि आश्विन-कार्तिकातील परतीचा पाऊस हे धोक्याचे दिवस. म्हणून विद्यार्थिमित्रहो, एवढे ध्यानात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरांच्या आत आहे. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली कधीही उभे राहू नका. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नका, तत्काळ मदत करा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देणारे एक मोबाइल ॲप तयार केले आहे. त्याचे नाव 'दामिनी'. कवींचा शब्द शास्त्रज्ञांनी उचलला आणि तो माणसे वाचविण्याच्या कामी आला, याचा भाषेच्या शिक्षकाला केवढा आनंद होतो म्हणून सांगू!

७. समारोप

शेवटी आपल्या तालुक्याविषयी एक शब्द. मराठीत 'वीज' हा एकच शब्द आभाळातील तेजालाही आहे आणि घरातील दिव्यालाही. या दुसऱ्या विजेसाठी काळीवर धरण बांधले गेले, आणि १९८०च्या दशकात आमचे सुपे पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, माणसे रामनगरला आणि इतरत्र विखुरली. मास्तरांची शाळा, तो वर्ग, तो फळा, सारे त्या पाण्यात आहे. त्या फळ्यावरील चित्राचे छायाचित्र कोणी घेतलेले नाही. ते ज्या रीतीने काढले गेले ती रीत तेवढी माझ्यापाशी उरली आहे.

एकदा नकाशात काळी नदी पाहत होतो. डिग्गीजवळ उगम पावून ती १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारपाशी समुद्राला मिळते. सहज नकाशा फिरविला आणि समुद्राची बाजू वर केली. सदाशिवगडाखालची खाडी वर आली, नदी खाली उतरू लागली, तिला पांढरी आणि इतर उपनद्यांचे फाटे फुटले, फाट्यांना ओहोळ फुटले, आणि ते रानात कोठे कोठे विरून गेले. माझ्या हाती मास्तरांची वीज होती.

त्या विद्यार्थिनीने आपले चित्र पुन्हा काढले आहे. या खेपेस तिने प्रथम नाणे उडवून कागदावर वीज काढली, नंतर ती संगणकावर नेली, आणि जलाशयातील पाणी उजळविले. तिच्या विजेला सतरा फांद्या आहेत. त्यांपैकी सोळा अधांतरी थांबतात. मी तिला मुद्दाम विचारले, "ह्या कुठे गेल्या?" ती म्हणाली, "त्यांना वाट सापडली नाही, सर." मी तिला मास्तरांचे वाक्य कधीही सांगितलेले नव्हते.

मास्तरांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.